पैसे भरू नका, आधी फोटोंची पार्श्वभूमी तपासा

पत्र, थोडक्यात: मी ३३ वर्षांची, इंदूरला राजेंद्रनगरात राहते. एका खासगी कॉलेजात संगणक शिकवते आणि पीएचडीही चालू आहे. माझी मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे धाकटे दीर मॅनेजमेंटला आहेत, त्यांचा विषय आंतरराष्ट्रीय व्यापार. गेल्या खरिपात आम्ही सांवेरजवळ मैत्रिणीच्या माहेरच्या शेतात सोयाबीनच्या रोगट पानांचे मोबाइलवर फोटो काढले. कोणत्या पानाला कोणता रोग, ते मैत्रिणीने ठरवलं. निरोगी पानांचे फोटो इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक संग्रहातून घेतले. फोटो पाहून रोग ओळखणारं माझं संगणकी मॉडेल ९८ टक्के अचूक निघालं. दिरांनी सोयापेंडीच्या निर्यातीवर एक भाग लिहून जोडला. संगणक, वनस्पतिशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन असं सगळंच छापणाऱ्या एका जर्नलला आम्ही हे पाठवलं. दोन दिवसांत ‘स्वीकारलं’ अशी मेल आली. सोमवारपर्यंत ३,००० रुपये भरायचे आहेत. विभागप्रमुख म्हणतात, ‘छापून मोकळ्या व्हा आणि माझं नाव आधी टाका.’ मसुद्यात आपलं नाव तिसरं पाहून मैत्रीण आठवडाभर बोलत नाहीये. सासूबाई विचारतात, एवढी पानं टिपून हाती काय आलं? मी काय करू?
— गोंधळलेली प्राध्यापिका, इंदूर

तुमचं पत्र वाचून, सोमवार गाठायचा म्हणून, दोन ओळी मी लगेच कळवल्या होत्या: पैसे भरू नका, आणि लेख मागे घेत असल्याचं आजच लेखी कळवा. आता सविस्तर लिहिते. याच पेचात सापडलेली तरुण प्राध्यापक मंडळी आपल्या शहरात पुष्कळ आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मेलमध्ये एवढंच लिहा की हा लेख आम्ही मागे घेत आहोत, तो छापू नये, आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर आमच्यापैकी कोणीही सही केलेली नाही. कारणं देत बसू नका. काही जर्नलं लेख मागे घेण्याचीही फी मागतात. तीही द्यायची नाही. मेलची प्रत तिघांनी जपून ठेवा. त्यांनी तरीही छापलंच, तर पुढे दुसऱ्या संपादकाला दाखवायला ती लागेल. मी इतकी घाई करायला सांगतेय ते एवढ्यासाठी, की एकदा छापून आलेलं काम दुसरीकडे पाठवता येत नाही. चांगल्या जर्नलच्या लेखी ते आधीच प्रकाशित झालेलं असतं. तुमच्या अख्ख्या खरिपाची मेहनत अशा ठिकाणी कायमची अडकून पडली असती, जिथे ती कोणी वाचणारच नव्हतं.

तीन वेगळे विषय एकाच जर्नलमध्ये येतात यात वावगं काही नाही, हेही सांगून ठेवते. बंगळुरूचं ‘करंट सायन्स’ १९३२ पासून भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, शेती असं सगळं छापत आलंय आणि त्याला मान आहे. बघायचं ते वेगळंच. तुमच्या पानावरचा पिवळा डाग पाहून ‘हा मोझॅक रोगच कशावरून?’ असं विचारणारा माणूस तिथे बसलाय का? संपादक मंडळाची यादी उघडा. त्यात पिकांच्या रोगांवर काम केलेलं कोणी आहे का? असेल तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर या जर्नलचा उल्लेख सापडतो का? बऱ्याचदा नावं परस्पर टाकलेली असतात. मग त्याच जर्नलमधले तुमच्या विषयाचे दोन लेख घेऊन शेवटपर्यंत वाचा. चाचणी कशी घेतली, ते तुम्हाला त्यातून कळलं का? तुम्ही स्वतः ते काम पुन्हा करून बघू शकाल का? नाही म्हणालात तर उत्तर मिळालं. आयएसएसएन क्रमांकावर विसंबू नका. तो नियतकालिकाची नोंद झाल्याचं सांगतो, दर्जाचं काहीही सांगत नाही. डीओआयचंही तसंच, तो लेखाचा कायमचा पत्ता आहे एवढंच.

दोन दिवसांत आलेली संमती ही काय चीज असते, त्याचं एक उदाहरण देते. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट लेख तयार केला: दगडफुलातला एक रेणू कर्करोगावर गुणकारी आहे, असा. लेखक खोटे, त्यांच्या संस्था खोट्या, आणि प्रयोगातल्या चुका मुद्दाम इतक्या ढोबळ की कोणत्याही जाणत्या तपासनिसाने तो तिथल्या तिथे परत पाठवावा. लेखकाकडून फी घेणाऱ्या ३०४ जर्नलांकडे तो गेला. १५७ जर्नलांनी स्वीकारला, ९८ जर्नलांनी नाकारला. संगणकाच्या बाजूला त्याच्याही आधी, २००५ मध्ये, एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी एका प्रोग्रामकडून निरर्थक वाक्यांचा पेपर लिहून घेतला आणि तो एका परिषदेत स्वीकारला गेला होता. प्रकाशक नावाजलेला असला म्हणजे निर्धास्त राहावं, असंही नाही. २०२३ साली वायली या बड्या प्रकाशन संस्थेला तिच्याच हिंदावी या शाखेतले ८,००० हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. म्हणून म्हणते, शिक्का बघू नका, आतले लेख वाचा.

तुमचे विभागप्रमुख घाई करतात, कारण त्यांच्या डोक्यात जुने नियम आहेत. थीसिस सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची अट यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, म्हणून तुमच्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेला पीएचडी अध्यादेश काढून स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही, जिच्या आधारे आपण इतकी वर्षं ‘चालेल’, ‘चालणार नाही’ म्हणत होतो, ती बंद केल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. आता जर्नल पारखायचं काम संस्थांवर आणि तुमच्या-माझ्यावर आलंय. उद्या प्रमोशनच्या फाइलीत हा पेपर लावलात आणि समितीवर एखादा जाणता माणूस निघाला, तर तो तुम्हाला पेपरबद्दल विचारेल, विभागप्रमुखांना नाही.

इथवर सोपं होतं. आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रातलं जे वाक्य वाचून मी थबकले, ते पैशांचं किंवा नावांचं नव्हतं. ‘निरोगी पानांचे फोटो सार्वजनिक संग्रहातून घेतले’ हे ते वाक्य.

तुम्ही संग्रहाचं नाव लिहिलं नाहीत, पण निरोगी सोयाबीन म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर प्लँटव्हिलेज आलं. पिकांच्या रोगांवर मॉडेल बनवणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. १४ पिकं, २६ रोग, ५४,००० च्या वर फोटो. पण त्यात सोयाबीनची पानं फक्त निरोगी आहेत, रोगट एकही नाही. आणि ती पानं खुडून, साध्या सपाट पृष्ठभागावर ठेवून, एकेक करून टिपलेली आहेत. तुमची रोगट पानं सांवेरच्या काळ्या मातीवर, आजूबाजूला तण, वर भाद्रपदातलं ऊन, कुठे मैत्रिणीचा अंगठा. आता मॉडेलच्या जागी बसून बघा. त्याला पान बघायची गरज काय? मागे सपाट करडा रंग दिसला की ‘निरोगी’ आणि माती दिसली की ‘रोगट’, एवढ्या एका युक्तीवर ते ९८ टक्के मिळवू शकतं. ते आजार शिकलं नाही, जमीन ओळखायला शिकलं, अशी मला दाट शंका आहे. तुमचा संग्रह दुसरा असला तरी निरोगी पानं एका जागची आणि रोगट दुसऱ्या जागची, ही अडचण तशीच राहते.

हे नुसतं माझ्या मनात आलंय असं समजू नका. याच संग्रहावर २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाते यांनी ‘फ्रंटियर्स इन प्लँट सायन्स’मध्ये जो लेख लिहिला, त्यात संग्रहातल्याच राखून ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के आली होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. दोन्ही आकडे त्यांनी एकाच लेखात प्रामाणिकपणे लिहिले. पुढे लोक पहिला आकडा मिरवत राहिले आणि दुसरा विसरले. नंतर आणखी एकाने त्याहून साधी तपासणी केली: पानाकडे बघायचंच नाही, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ बिंदू घ्यायचे. तेवढ्यावर ३८ गटांतला बरोबर गट ४९ टक्के वेळा ओळखता आला. डोळे मिटून अंदाज केला असता तर ३ टक्केही जमलं नसतं.

तुमच्या कामात हे घडलंय की नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी घरबसल्या तपासू शकता. सगळ्या फोटोंमधलं पान झाकून टाका, मागचा भाग तेवढा ठेवा, आणि त्यावर मॉडेल शिकवून बघा. तरीही अचूकता ८०-९० येत असेल तर काय ते कळलं. ग्रॅड-कॅम ही पद्धत चालवून मॉडेलची नजर फोटोत कुठे जाते तेही बघा. संगणकाच्या माणसाला हे मी सांगायला नको. दुसरी तपासणी तुमच्या रोगट फोटोंपुरती. एकाच झाडाचे पाच-सहा फोटो असतील, तर त्यातले काही शिकवायला आणि काही परीक्षेला गेले का? आपोआप वाटणी केली की हमखास जातात. मग परीक्षेत आधी पाहिलेलंच झाड समोर येतं. वाटणी फोटोंची करू नका, शेतांची करा. एक शेत पूर्ण बाजूला ठेवा, आणि शक्य असेल तर एक अख्खं गाव.

एवढ्यावर खचून जाऊ नका. पेपर छापून आल्यावर कोणी हे दाखवून दिलं असतं तर वाईट झालं असतं. आत्ता तो तुमच्या संगणकावरचा मसुदा आहे आणि खरीप समोर आहे.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल, आणि इथे मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. पान ओळखण्याच्या कामात मॉडेलची परीक्षा कशावर होते? तिने दिलेल्या उत्तरांवर. ती उत्तरं चुकली तर तुमचे ९८ टक्के म्हणजे चुकीच्या उत्तरपत्रिकेशी जुळणारे ९८ टक्के. आणि ती उत्तरं देणं हे फार अवघड काम आहे, बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही. आयुष्यभर पानं बघितल्यामुळे मला ते ठाऊक आहे. सोयाबीनचं पान पिवळं पडायला कितीतरी कारणं असतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक असेल तर हिरव्या पानावर वेडेवाकडे गर्द पिवळे धब्बे येतात, पुढे पुढे सगळं पानच पिवळं होतं. लोह कमी पडलं तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडते. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या होतात. शेतात पाणी साचलं, तणनाशकाचा झटका बसला, पान वयानेच उतरलं, तरी पिवळंच. तांबेऱ्याचे फोड पानाच्या खालच्या बाजूला बघायचे असतात. तुम्ही वरूनच फोटो काढले असतील तर तो रोग तुमच्या यादीत असूच नये. खोडाच्या आणि मुळाच्या कुजीचं निदान पानावरून होत नाही, खोड चिरून बघावं लागतं.

म्हणून तुमच्या दोघींच्या भांडणावर माझा उपाय असा की एका लेखाचे दोन करा. पहिला लेख फोटोंच्या संग्रहाचा: कोणतं शेत, कोणतं वाण, पेरणीनंतर कितवा दिवस, पानाची वरची बाजू की खालची, रोग कोणत्या खुणांवरून ठरवला. त्यात पहिलं नाव तिचं. दुसरा लेख मॉडेलचा, त्यात पहिलं नाव तुमचं. दोन्हीच्या शेवटी कोणी काय केलं ते स्पष्ट लिहा. त्यासाठी क्रेडिट नावाची १४ प्रकारच्या कामांची ठरलेली यादी आहे आणि बरीच चांगली जर्नलं ती मागतातच. आणखी एक करा. संग्रहातल्या काही फोटोंवर दुसऱ्या एका जाणकाराकडून, तिची उत्तरं न दाखवता, रोग ठरवून घ्या आणि दोघांचं किती जुळलं ते लेखात द्या. खंडवा रोडवर देशाची सोयाबीन संशोधन संस्था १९८७ पासून आहे. तिथल्या रोगतज्ज्ञांना रीतसर पत्र लिहा, आणि शंका आलेली पानं मोझॅकचीच आहेत का, ते प्रयोगशाळेत तपासून मिळेल का विचारा. जगभरचे विद्यार्थी सोयाबीनच्या फोटोंसाठी धडपडतात आणि तुमच्या घरापासून ती संस्था काही किलोमीटरवर आहे. पण मैत्रिणीला हे सगळं सांगायच्या आधी तिच्या घरी जा. फोनवर नको, मेलवर तर नकोच. ‘तुझं नाव तिसरं टाकताना मी विचार केला नव्हता’ हे तोंडाने म्हणा आणि मग दोन लेखांची गोष्ट काढा.

नावं कशी मागे पडतात, ते आपल्या शहराला सांगायला नको. आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतींवर संशोधन करणारी संस्था उभी केली. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. १९३१ साली त्या पद्धतीवर जे पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीबद्दल बोलणारे सगळे हॉवर्डना ओळखतात, वाडांचं नाव आपल्या रामबागेतही कितीजणांना माहीत आहे? तरी मुखपृष्ठावर ते छापलेलं आहे, म्हणून आज मी ते तुम्हाला सांगू शकते. हॉवर्डनी ते आत कुठेतरी आभारात टाकलं असतं तर तेही झालं नसतं. हे मैत्रिणीच्या बाबतीत लक्षात असू द्या.

विभागप्रमुखांचं नाव मात्र लेखक म्हणून टाकायचं नाही. त्यांनी पान पाहिलं नाही, कोड पाहिला नाही, मसुदा वाचलेला नाही. मला माहीत आहे की हे मी इथे बसून म्हणणं सोपं आहे; रोज त्यांच्यासमोर हजेरीची सही तुम्हाला करायची आहे, सुट्टी त्यांच्याकडूनच मंजूर करून घ्यायची आहे. म्हणून थेट नकार देऊ नका. त्यांना जाऊन म्हणा, ‘सर, आम्हाला चाचणीत एक मोठी चूक सापडलीये, पेपर मागे घेतलाय, या खरिपात काम नव्याने करतोय. चांगल्या जर्नलला प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहून द्यावं लागतं, नंतर शंका निघाली तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला यातला एखादा भाग बघायला आवडेल का?’ खरंच काम घेतलं तर आनंदाने नाव टाका, त्या कामाच्या मानाने जिथे येईल तिथे. नाही घेतलं तर कॉलेजने दिलेल्या सोयींबद्दल आभारात त्यांचा उल्लेख करा, तो खरा असेल. बहुतेक लोक ‘उत्तर द्यावं लागतं’ हे ऐकल्यावर स्वतःच मागे सरकतात. तुमचे पीएचडीचे गाइड वेगळे असतील तर मात्र हे सगळं आधी त्यांच्या कानावर घाला.

आता दिरांचा भाग. पत्रासोबत तुम्ही तो जोडला होता, मी दोनदा वाचला. ‘रोग लवकर ओळखला की उत्पादन वाढेल, उत्पादन वाढलं की निर्यात वाढेल’ या वाक्यावर तो सगळा उभा आहे, आणि त्या साखळीतली एकही कडी तुम्ही तिघांनी मोजलेली नाही. पेंडीची निर्यात कशावर ठरते, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ब्राझील-अर्जेंटिनाचा भाव, रुपयाची किंमत, घरच्या पोल्ट्रीवाल्यांची मागणी. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणून आपल्या पेंडीला वेगळं गिऱ्हाईक आहे, हेही एक कारण. यात पानावरच्या डागाचा वाटा किती, ते कोणी न मोजता लिहू नये. हा भाग लेखातून काढायला सांगा. त्यांना राग येईल, पण त्यांच्यासाठी याहून फार चांगला प्रश्न तुमच्याच मोबाइलमध्ये पडून आहे.

तुमच्या प्रत्येक फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले गेलेत ना? युरोपीय संघाने २०२३ मध्ये एक कायदा केला. गुरं, कोको, कॉफी, पाम, रबर, लाकूड आणि सोया, यांतला कोणताही माल तिकडे विकायचा तर तो ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवर पिकलेला नाही हे दाखवावं लागेल, आणि ज्या जमिनीत पिकला तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. पेंडही त्यात येते. त्याचा अंमल पुढे पुढे ढकलला गेला, तरी निर्यातदारांची तयारी चालूच आहे. आपल्या माळव्यातली काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली जातेय, जंगलतोडीचा प्रश्न इथे बहुतेक ठिकाणी येतच नाही. अडचण पुराव्याची आहे. शेतकऱ्याची ट्रॉली मंडीत आली, लिलाव झाला, व्यापाऱ्याने दहा गावांचा माल एका ढिगात ओतला, तो ढीग तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटला गेला आणि डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, होऊन बाहेर पडला. कुठल्या शेताचा दाणा कुठे गेला, ते त्या ढिगातच हरवलं. ते नेमकं कोणत्या टप्प्यावर हरवतं, टिकवायचं तर कोणाला किती खर्च येतो, तो खर्च शेवटी शेतकऱ्याच्या माथी बसतो का, हे कोणीतरी छावणी मंडीत उभं राहून, हम्मालांशी, माल तोलणाऱ्या तुलावट्यांशी आणि अडत्यांशी बोलून लिहायला हवं. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची ‘सोपा’ ही संघटना इंदूरलाच आहे, निर्यातीचे आकडे त्यांना तिथे मिळतील. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा हा इतका सुंदर प्रश्न घरापासून हाकेच्या अंतरावर असताना तुमच्या लेखाला शेपूट म्हणून चार पानं कशाला लिहायची? तो त्यांचा स्वतंत्र लेख होईल आणि त्यावर पहिलं नाव त्यांचंच असेल. फक्त एक सांभाळा: शेतकऱ्यांची नावं आणि शेताची नेमकी जागा एकत्र कुठेही छापू नका, आणि फोटो कशासाठी काढताय ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगून होकार घ्या.

सासूबाईंचा प्रश्न मला रास्त वाटला. त्यांना सांगा की जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध संग्रहात सोयाबीनचं एकही रोगट पान नाही, आणि तुमच्या मोबाइलमध्ये माळव्यातली शेकडो आहेत, नीट ओळखून नाव दिलेली. वर्षभरात हे आलंय हाती.

या खरिपाचं काम मी असं करीन. जूनअखेरीस पेरणी झाली की सांवेरचं शेत ठेवा, शिवाय देपालपूरकडचं किंवा देवासकडचं एक वेगळं गाव धरा, जिथे वाणही वेगळं असेल. त्या दुसऱ्या गावाचे फोटो शिकवायला अजिबात वापरायचे नाहीत. निरोगी आणि रोगट, दोन्ही पानं त्याच शेतात, त्याच मोबाइलने, त्याच दिवशी टिपायची. पहिली फेरी फुलं येण्याआधी, दुसरी शेंगा धरताना. जेएस ९५६० सारखं लवकर येणारं वाण असेल तर तीन महिन्यांत शेत रिकामं होतं, तेव्हा तारखा आधीच ठरवून कॉलेजातून रजा मांडून ठेवा. लोह-पालाशाच्या कमतरतेने पिवळ्या पडलेल्या पानांचा वेगळा गट करा, कारण मॉडेलने त्यांना मोझॅक म्हटलं तर शेतकरी विनाकारण फवारणी करेल आणि ते पैसे त्याच्या खिशातून जातील. एकूण अचूकतेचा एकच आकडा देऊ नका; कोणता रोग किती वेळा चुकला आणि कशाला काय समजलं, त्याचा पूर्ण तक्ता द्या. मग संग्रहाचा लेख इंदूरहूनच निघणाऱ्या ‘सोयाबीन रिसर्च’सारख्या किंवा वनस्पतिरोगांच्या एखाद्या जुन्या जर्नलला पाठवा, आणि मॉडेलचा ‘कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स इन ॲग्रिकल्चर’सारख्या ठिकाणी. परत येईल, शेरे येतील, सहा-आठ महिने जातील. ते शेरे लिहिणारा माणूस तुमचं पान खरोखर वाचत असतो, फुकट, स्वतःचा वेळ काढून. पहिल्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्यांदा वाचताना त्यातले निम्मे पटतात.

ऑक्टोबरात दुसऱ्या गावाचा आकडा आला की मला कळवा. ९८ चे ६० झाले असतील तरी कळवा, आणि कोणती पानं चुकली ती सोबत पाठवा. मैत्रिणीची हरकत नसेल तर तिघी मिळून बघू.